सतरावं पान

आमच्या गावच्या वाचनालयाचा इतिहास मी चौदा पानांत लिहून दिला आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंनी तो परत पाठवला. मी पन्नाशीची. वीस-बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते, दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा ओढते. गावाहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती ती वही परत आली, तेव्हा पाचवीतला गृहपाठ परत आल्यासारखे माझे कान तापले. वहीत एकही खूण नव्हती. सोबत फक्त तोंडी निरोप होता. तो निरोप शेवटी सांगते, कारण तो कळायला आधी बाई कळायला हव्यात, आणि बाई कळायला वाचनालय.

गाव गंगापूर तालुक्यातलं, शहरापासून तासाभराच्या वाटेवर. खेडं म्हटलं तर गावकऱ्यांना राग येतो, शहर म्हटलं तर त्यांनाच हसू येतं. ऊस, कापूस, मंगळवारचा बाजार, आणि बाजाराच्या तोंडाशी दोन खोल्यांचं वाचनालय. पुढं दगडी ओटा. बाजाराच्या दिवशी त्या ओट्यावर कोथिंबीर-मेथीवाल्या बसतात. बाईंची त्यांना एकच अट असते, की आत जाणाऱ्याला पाऊल टाकायला जागा सोडायची. ती जागा त्या सोडतात. पोलीस उठवायला आले तर कदाचित सोडणार नाहीत, पण बाईंसाठी सोडतात.

वाचनालय सुरू झालं ते एका टेलरच्या दुकानात. आत्ताच्या अध्यक्षांचे, म्हणजे आमच्या टेलरकाकांचे वडील तेव्हा मशीन चालवायचे. सकाळच्या एसटीनं गावात वर्तमानपत्राचा एकच अंक यायचा आणि तो त्यांच्याकडं यायचा. एक माणूस वाचत बसला की बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावत, त्यावरून कुरबुरी होत. मग त्यांनी अंकाची पानं सुटी केली आणि शिवलेले शर्ट टांगायच्या दोरीला चिमटे लावून ती ओळीनं टांगली. एका वेळी चार माणसं चार पानं वाचू लागली, पान संपलं की जागा बदलू लागली. गिऱ्हाईक कमी आणि वाचणारे जास्त झाले, तेव्हा बाजाराच्या तोंडाशी एक खोली मिळवली आणि दोरी तिकडं नेली. मी लहान असताना ती दोरी होती. आता उतरतं लाकडी टेबल आहे, पण पानं सुटी करायची पद्धत तीच आहे.

दुसरीकडं, आमच्या वस्तीतल्या विहारात पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती. वस्तीतल्या तरुणांनी ती जमवली होती. प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर, आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली यादी, मोत्यासारख्या अक्षरात. ती यादी माझ्या वडिलांनी लिहिली होती. आमची माणसं पेठेतल्या त्या खोलीच्या पायरीपर्यंत जात आणि वळत. कुणी अडवत नव्हतं. पण ‘या’ असंही कुणी म्हणत नव्हतं, आणि त्या न म्हणण्याचा अर्थ आमच्या लोकांना पाठ होता.

बाई वाचनालयात नोकरीला लागल्या त्याला आता चाळीस वर्षं होत आली. शेतकरी घरातली सून, बारावी झालेली. ग्रंथपालाचा कोर्स करायला रोज एसटीनं शहरात जायच्या आणि दुपारच्या गाडीनं परत येऊन म्हशींचं बघायच्या. लागल्यानंतर पहिल्याच महिन्यात त्या आमच्या विहारात आल्या. त्यांनी पेटी उघडून यादी पाहिली आणि वडिलांना म्हणाल्या, की पेठेतल्या पुस्तकांचं अजून काहीच लिहून काढलेलं नाही, तुमचं सगळं तयार आहे, तर रजिस्टर तुमच्यापासूनच सुरू करू. वाचनालयात पुस्तकं ज्या क्रमानं येतात त्या क्रमानं एका जाड वहीत त्यांना नंबर पडतात, त्याला दाखल रजिस्टर म्हणतात. आमच्या वाचनालयाच्या रजिस्टरात एक नंबरपासूनची पहिली पानं वस्तीच्या पेटीची आहेत.

पेटी न्यायला हमाल लावला नाही. एक कडी माझ्या वडिलांनी धरली, दुसरी बाईंनी. भर बाजारातून दोघं पेटी घेऊन गेले. बाईंच्या घरी त्यावरून काय काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण महिनाभर त्या डबा घेऊन वाचनालयात यायच्या आणि तिथंच जेवायच्या, हे मला आईनं सांगितलं होतं. त्यानंतर आमची माणसं पायरीवरून वळली नाहीत. मला या बाईंबद्दल जे वाटतं त्याला आदर हा शब्द कमी पडतो, पण दुसरा सापडेपर्यंत तोच वापरते.

नंतर गावातल्या एका जुन्या मुन्शींच्या घरातून उर्दू पुस्तकांचं एक गाठोडं आलं. निजामाच्या काळातलं. कमिटीचं म्हणणं पडलं, की ‘गाठोडं, उर्दू, एक’ असं लिहून मोकळं व्हावं. बाईंना ते पटेना. गावातले एक पिंजारी, गाद्या भरणारे, शुक्रवारी दुपारी मोकळे असत. त्यांना बसवून बाईंनी एकेका पुस्तकाचं नाव वाचून घेतलं, देवनागरीत उतरवलं, आणि करता करता स्वतःही अक्षरं लावायला शिकल्या. उर्दूच्या त्या कप्प्याचा वाचक आयुष्यभर तो एकच पिंजारी. पण बाई म्हणायच्या, की एक वाचक आहे ना, मग कप्पा चालू आहे.

आता बाईंच्या दोन पद्धती सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिली सतराव्या पानाची. पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का आणि नंबर असतोच. पण पहिलं पान फाडलं की पुस्तक कुणाचं ते कळत नाही, म्हणून वाचनालयं आतल्या एखाद्या ठरलेल्या पानावर तोच नंबर बारीक अक्षरात पुन्हा घालतात आणि ते पान कोणतं ते सांगत नाहीत. आमच्या बाईंचं पान सतरावं. उजवीकडचा खालचा कोपरा. हे गुपित अर्ध्या गावाला माहीत होतं. सतरावंच का, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, “चोर लई तर धा पानं चाळतो. सतरापर्यंत पोचला तर तो चोर नाय, वाचक हाय.”

दुसरी पद्धत शेऱ्याच्या रकान्याची. वर्षाअखेरीस सगळी पुस्तकं मोजायची असतात. जे सापडत नाही त्याच्यापुढं ‘गहाळ’ लिहायचं, असा साधा रिवाज. बाईंनी चाळीस वर्षांत गहाळ हा शब्द एकदाही लिहिला नाही. त्या ‘वाचकाकडे’ असं लिहायच्या. दंड नाही, घरी माणूस पाठवणं नाही, बाजारात हटकणं नाही. टेलरकाका यावरून त्यांच्याशी कायम भांडायचे. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, की गहाळ लिहिलं की आपण शोधायचं सोडतो.

त्या ‘वाचकाकडे’मधलं एक पुस्तक माझ्याकडं होतं. ते पुस्तक होतं शब्दकोश. इंग्रजी-मराठी, हिरव्या कापडी बांधणीचा, उशीएवढा. वाचनालयातला सगळ्यात मोठा ग्रंथ, आणि त्याच्यावर तिरपा शिक्का: ‘संदर्भ. घरी देऊ नये.’

दहावीनंतर मला शहरात अकरावी सायन्सला घातलं. गावात मी हुशार. तिथं पहिल्या आठवड्यात सर काय बोलतात तेच कळेना. पुस्तकातल्या एका ओळीत पाच शब्द अडायचे. रविवारी गावी आले ती परत जायचं नाही असं ठरवूनच. आईनं समजावलं, पण मी हटले नाही. संध्याकाळी मी वाचनालयात जाऊन नुसतीच बसले. बाईंनी काय झालं विचारलं, मी सांगितलं. त्या उठल्या, शब्दकोश काढला, खाकी कागदात बांधला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, हा घरी देत नाहीत. बाई म्हणाल्या, “मला म्हाईत हाय काय देत नाय ते. शिक्षण झाल्यावर आण.”

शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, शहरातल्या गारखेड्यात घर झालं. शब्दकोश प्रत्येक बिऱ्हाडात सोबत आला. आधी टेबलावर, मग कपाटात, मग पलंगाखालच्या पेटीत. पहिल्या वर्षी न्यायचा राहिला तो विसरल्यामुळं. नंतर राहिला तो लाजेमुळं. आणि लाजेचं असं असतं, की ती जुनी होईल तशी वाढते. गावी गेले तरी मी बाजाराच्या तोंडाशी जाईना. स्टँडवरून मागच्या गल्लीनं घर गाठायचे. वर्गात मुलांना प्रामाणिकपणावर बोलताना मला कधीकधी त्या हिरव्या बांधणीची आठवण व्हायची आणि मी विषय गुरुत्वाकर्षणाकडं वळवायचे. आई-वडील गेल्यावर तर गावाला जाणंच सुटलं.

गेल्या वर्षी एका रविवारी गावाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टेलरकाकांचा निरोप आला. मंगळवारी वाचनालयाची तपासणी आहे, रजिस्टरातली पुस्तकं कपाटात भरली नाहीत तर मान्यता जाईल आणि खोल्यांना कुलूप लागेल, तरी ज्यांच्याकडे पुस्तकं असतील त्यांनी आणून द्यावीत. बाईंना न विचारता पाठवतो आहे, हेही त्यांनी खाली लिहिलं होतं. मी शब्दकोश काढला. बांधणीची एक कड कसरीनं खाल्ली होती. फडक्यानं पुसला, पिशवीत घातला, मंगळवारची रजा टाकली. माझा बेत साधा होता. गर्दीत जायचं, कुणाचं लक्ष नसताना शब्दकोश कपाटात सरकवायचा, आणि चहा पिऊन परत यायचं. पन्नाशीच्या मास्तरणीला शोभेल असा बेत नव्हता, पण तोच होता.

मंगळवारी पोचले तर ओट्यावर मेथीवाल्यांना जागा नव्हती. सगळीकडं पुस्तकं. आणि टेलरकाका डोक्याला हात लावून बसलेले. आदल्या दिवशी काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं.

सोमवारी सकाळपासून लोक पुस्तकं घेऊन आले होते. धान्याच्या कोठीतून, देव्हाऱ्याच्या मागून, लग्नाच्या पेटीतून काढलेली, खताच्या पिशवीत गुंडाळलेली. बाई आत रजिस्टरं घेऊन बसलेल्या, ओट्यावर काका जमा करून घेत होते. रांगेत पहिलीच एक म्हातारी होती. तिनं नातवानं नेलेलं पुस्तक दिलं आणि त्यावर आणखी एक पुस्तक ठेवलं, स्वयंपाकाचं, स्वतःच्या घरातलं. काका म्हणाले, हे आपलं नाही. म्हातारी म्हणाली, “इतकी सालं ठिवलं, आता रिकामं कसं द्यावं?”

आमच्याकडं शेजारणीच्या घरून वाटीत काही आलं, तर ती वाटी नुसती धुऊन परत करत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. हे कुणी शिकवत नाही, दुसऱ्याच्या घरची रिकामी वाटी हातात धरून निघायचं म्हटलं तर पायच उचलत नाही. म्हातारीचं बोलणं मागच्या रांगेत ऐकू गेलं. लोकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्धी रांग पुस्तकं हातात तशीच धरून घरी गेली आणि दुसरं एक घेऊन परत आली. कुणी पोथी आणली, कुणी ट्रॅक्टरसोबत मिळालेलं माहितीचं पुस्तक, कुणी मुलाची दहावीची गाइडं, कुणी मागच्या पाच वर्षांची पंचांगं. सोयगावला दिलेल्या एका लेकीनं लहानपणी नेलेलं गोष्टींचं पुस्तक एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती धाडलं, त्यासोबत तिच्या मुलीची चित्रांची वही.

इथंवर ठीक होतं. पण टेलरकाकांना भरून आलं. साहेबांना शंका नको म्हणून त्यांनी येईल त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारायला सुरुवात केली. पंचांगावर शिक्का, ट्रॅक्टरवर शिक्का, चित्रांच्या वहीतल्या मोरावर शिक्का. बाई बाहेर आल्या तोवर शाईचा पॅड कोरडा पडला होता.

तपासणीला आलेले साहेब तरुण होते, बोलायला सभ्य. दुपारपर्यंत त्यांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. रजिस्टरात जितकी होती त्याहून पुस्तकं जास्त भरली. साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, की कमी भरली असती तर मला शेरा लिहिता आला असता, जास्तीचा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नाही. साहेब एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण त्यांचा पुढचा मुद्दा बिनतोड होता. नंबर नसलेल्या पुस्तकांवरही जर शिक्का आहे, तर शिक्क्याला अर्थ राहिला नाही. जुन्या पुस्तकांची पहिली पानं तर किती ठिकाणी गळालेली. मग यातली वाचनालयाची कोणती हे मी कसं मानू?

टेलरकाकांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांचं काम त्यांच्या एका उत्साहानं धोक्यात आलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं. बाईंनी त्यांना एक शब्द सुनावला नाही. त्या साहेबांना म्हणाल्या, की सतरावं पान काढा.

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. खोलीत, ओट्यावर, पायरीवर माणसं बसली. बाजाराला आलेली पण बसली. प्रत्येकानं हातात येईल ते पुस्तक घेऊन सतरावं पान उघडायचं आणि कोपऱ्यातला नंबर मोठ्यानं सांगायचा, साहेबांनी रजिस्टरात खूण करायची. नंबर नसेल ते पुस्तक उजवीकडं. भाजीवाल्या नंबर पुकारत होत्या, वीटभट्टीवरचा एक जण पुकारत होता, शाळेतल्या मुली पुकारत होत्या. एक उर्दू पुस्तक साहेबांच्या हाती आलं. त्यांनी डावीकडून सतरा पानं मोजली, नंबर नव्हता. पुस्तक उजव्या ढिगात पडायच्या आत बाईंनी ते घेतलं, उलटं फिरवलं, तिकडून सतरा मोजली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. साहेब पहिल्यांदा हसले.

या पुकाऱ्यात मला दोनदा कपाटाजवळ जाता आलं होतं. दोन्ही वेळा पिशवीत हात घातला आणि दोन्ही वेळा कुणीतरी माझी चौकशी करायला आलं. गावात शिकून मोठं होण्याचा हा तोटा, तुम्हाला कुणी एकटं सोडत नाही.

चारच्या सुमाराला सगळं जुळलं. रजिस्टरातले थोडेच नंबर खूण न होता राहिले. साहेब ते एकेक वाचत गेले, बाई ‘वाचकाकडे’ म्हणत गेल्या, आणि साहेबही ते चालवून घेऊ लागले. मग एका नंबरावर ते थांबले. हा शब्दकोश, म्हणाले. हा संदर्भ ग्रंथ आहे, घरी देऊ नये असं तुम्हीच लिहिलंय. हा वाचकाकडे कसा?

“मी दिला,” बाई म्हणाल्या.

कुणाला, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, पुढचा नंबर घ्या. मी समोरच, हाताच्या अंतरावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. साहेबांनी समजावलं, की हा नियमभंग धरावा लागेल, तुमच्या नावावर लिहावा लागेल. बाई म्हणाल्या लिहा. मी ते पुस्तक काढून दिलं तर बाईंनी नियम मोडल्याचा पुरावा मीच देणार होते, आणि नाही दिलं तर गहाळ झाल्याचा दोष त्यांच्यावर जाणार होता. मग मला त्या पत्र्याच्या पेटीची दुसरी कडी आठवली आणि स्वतःचा इतका राग आला, की मी उठलेच.

“माझ्याकडं आहे,” मी म्हटलं, आणि शब्दकोश टेबलावर ठेवला. किती वर्षं होता असं साहेबांनी विचारलं. मी चौतीस म्हटलं.

साहेबांनी सतरावं पान काढलं. नंबर होता. मग त्यांनी जुन्या वार्षिक मोजण्यांच्या वह्या मागवल्या, आणि तिथं त्यांना एक गोष्ट दिसली, जी मी कधी पाहिली नव्हती. शब्दकोशाच्या ओळीत वर्षानुवर्षं बरोबरची खूण होती, आणि शेऱ्यात: ‘वाचकाकडे. वापरात आहे.’ साहेब म्हणाले, पुस्तक समोर नसताना वापरात आहे हे तुम्ही कशावरून लिहिलंत?

“हिची माय सांगून जायची,” बाई म्हणाल्या. “बारावी झाली, सांगून गेली. कॉलेज झालं, सांगून गेली. नोकरी लागली, लेकरू झालं, दर सालाला यायची. मंग मी खूण करायची.”

मला यातलं काही माहीत नव्हतं. आई बाजाराला जाते एवढंच मला माहीत होतं. मी वही ओढून घेतली आणि पानं उलटत गेले. माझ्या आयुष्याचं एकेक वर्ष एकेका बारीक खुणेनं तिथं मांडलेलं होतं. आई गेली त्या वर्षापासून पुढं ओळ होती, पण खूण नव्हती. शेऱ्याचा रकाना कोरा. सहा वर्षं कोरा. त्या कोऱ्या जागेकडं बघून मी सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

साहेबांनी लिहिलं, की एक संदर्भ ग्रंथ नियमबाह्य घरी दिला, आज जमा झाला, ग्रंथपालांना ताकीद. बाकी सर्व बरोबर, मान्यता कायम. बाईंनी ते दोनदा वाचलं, शेरा खरा आहे म्हणाल्या, आणि सही केली. त्यांच्या नोकरीतला तो एकमेव वाईट शेरा, आणि तो माझ्यामुळं.

राहिली जास्तीची पुस्तकं. ती देणगी म्हणून दाखल करायची असं ठरलं. बाई एकेक उघडून सतराव्या पानावर नंबर घालू लागल्या. सोयगावच्या मुलीची चित्रांची वही आली. तिला बाराच पानं. टेलरकाका म्हणाले, शेवटच्या पानावर घाला. बाईंनी वही बाजूला ठेवली. सतरावं पान नाही त्याला पुस्तक म्हणत नाहीत, म्हणाल्या, आणि आणखी पाच पानं काढून पाठव अशी चिठ्ठी लावून वही उलट टपाली सोयगावला धाडली. महिन्याभरानं ती आली. आता ती मुलांच्या कपाटात आहे, शिक्क्याच्या मोरासकट.

मी निघताना बाई ओट्यापर्यंत आल्या. त्या ढिगाकडं हात करून म्हणाल्या, “समद्यांनी काय ना काय घालून दिलं. तू रिकामंच दिलंस.”

चौतीस वर्षं ठेवलेला शब्दकोश मी नुसता पुसून आणला होता. रांगेतल्या म्हातारीला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं. मी काय देऊ, असं विचारलं. त्या म्हणाल्या, की वाचनालयाला पन्नास वर्षं झाली, त्याचं कुठं काही लिहिलेलं नाही, ते लिही.

मी लिहिलं. टेलरच्या दोरीपासून तपासणीच्या पुकाऱ्यापर्यंत सगळं लिहिलं. अक्षर जपून, वहीत, चौदा पानं. शब्दकोशाचा भाग तेवढा गाळला. इतिहासात माणसानं स्वतःला फार घुसवू नये असं मी मनाशी म्हटलं. मन अशी कारणं झटकन पुरवतं.

वही परत आली तिच्यासोबतचा निरोप हा होता: “सतरावं पान नाय हिला. बाईंनी सांगितलंय, नंबर घालायला जागा कर.”

मी दोन दिवस चिडून होते. तिसऱ्या दिवशी वही उघडली आणि गाळलेलं सगळं लिहायला घेतलं. हिरवी बांधणी, मागची गल्ली, पिशवीत दोनदा घातलेला हात, आईच्या खुणा. पंधरावं पान भरलं, सोळावं भरलं, सतराव्यावर कोऱ्या सहा वर्षांपाशी आले. आधी चौदा पानांत जे बसलं होतं ते वाचनालयाच्या भिंतींबद्दल होतं. वाचनालय काय करतं हे या तीन पानांत आलं.

वही घेऊन या वेळी मी स्वतः गेले, समोरच्या रस्त्यानं. मेथीवालीनं पाऊल टाकायला जागा सोडली. बाईंनी उभ्यानंच सगळी वाचली, सतराव्या पानाचा कोपरा शोधला आणि बारीक अक्षरात नंबर घातला. मग मोजणीची वही काढली, शब्दकोशाच्या ओळीवर बोट ठेवलं, पेन माझ्यासमोर धरलं आणि परत स्वतःकडंच घेतलं.

“आता तुझी माय नाय,” त्या म्हणाल्या. “दर सालाला तूच येऊन सांगत जा. मला खूण करावी लागती.”